बॅरलला मानवणारी पेलेटची बॅच कशी शोधावी

दहा मीटर एअर रायफल खेळणाऱ्या मुलांचे आईवडील मला हमखास विचारतात, "ताई, कुठल्या कंपनीच्या पेलेट घेऊ?" आरडब्ल्यूएसची आर१०, एच अँड एनची फिनाले मॅच, जेएसबीची मॅच, यातली कुठलीही पेलेट, म्हणजे एअर रायफलची शिशाची गोळी, घ्या, माल उत्तमच आहे. विचारायला हवं ते पुढचं: त्या कंपनीची कुठली बॅच, म्हणजे एका वेळी बनलेला कुठला लॉट, तुमच्या मुलीच्या बॅरलला, रायफलच्या नळीला, मानवतो? हे दुकानदार सांगू शकत नाही, कोच सांगू शकत नाही, शेजारच्या लेनवरचा स्टेट चॅम्पियनही सांगू शकत नाही. ते बॅरललाच विचारावं लागतं, आणि नीट विचारावं लागतं.

वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये मी अनेक वर्षं इन्स्पेक्शनला होते. मुलगी शूटिंगला लागली तेव्हा हातातलं मायक्रोमीटर तिकडे वळलं, आणि आता ठाण्यातल्या आमच्या रेंजवरच्या मुलांचं बॅच टेस्टिंग मीच करते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ साली कैरोत दहा मीटरचं जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून कळवा, ऐरोली, घणसोलीहूनही पालक विचारायला येतात. परदेशात शिकारीची रायफल वापरणारे लोक घरी काडतुसं भरतात, दारूचं वजन थोडं थोडं बदलून आपल्या रायफलला काय जुळतं ते शोधतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. आपल्याला पेलेट बनवता येत नाही, निवडता मात्र येते. शोधाची शिस्त तीच लागते.

आधी आकडे समजून घ्या, कारण पैसे कुठे घालायचे ते त्यावरून ठरतं. दहाची रिंग अवघी अर्ध्या मिलिमीटरची आहे आणि पेलेट साडेचार मिलिमीटरची. रिंगला पेलेटची कड लागली तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला की १०.०. तिथून आत दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढतो. १०.९ साठी मध्य पाव मिलिमीटरच्या आत हवा. फायनलमध्ये मुलं एका दशांशाने बाहेर जातात. त्या दशांशाची किंमत पाव मिलिमीटर आहे, आणि चांगल्या आणि बऱ्या बॅचमधला फरक सहज तेवढा निघतो.

पण हा खर्च प्रत्येकाने करायचा नाही. एकाच नेमावर मारलेल्या शॉटच्या पसाऱ्याला ग्रुप म्हणतात. मुलाचा स्वतःचा ग्रुप, सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत, १२ मिलिमीटरचा असेल आणि पेलेटचा ३ मिलिमीटरचा, तर एकूण साधारण १२.४ होतो, कारण हे आकडे सरळ मिळवायचे नसतात, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं असतं. पेलेटचा ग्रुप २ वर आणला तरी एकूण १२.२ च. मुलाचे हजारो रुपये गेले आणि टार्गेटच्या कार्डावर काही दिसलं नाही. तेच, मुलगी स्वतः ४ मिलिमीटरमध्ये मारत असेल तर ३ च्या पेलेटने एकूण ५ होतो आणि २ च्या पेलेटने ४.५ च्या आत येतो. इथे अर्धा मिलिमीटर मिळाला. म्हणून नऊ-दहामध्ये फिरणाऱ्या मुलाच्या वडिलांना मी परत पाठवते. तो पैसा जॅकेटच्या मापावर आणि सरावावर घालवा.

डबी हातात आली की आधी मागचं लेबल वाचा. हेड साइज, म्हणजे पेलेटच्या डोक्याचा मिलिमीटरमधला व्यास, ४.४९, ४.५०, ४.५१ असा, आणि बॅच नंबर असतो. काही कंपन्या साच्याचा नंबरही छापतात. लोक हेड साइज लक्षात ठेवतात आणि बॅच विसरतात. गेल्या पावसाळ्याच्या आधी एका मुलीच्या दोन डब्या माझ्याकडे आल्या. ब्रँड तोच, साइज ४.५०, डबीचा रंगही तोच, फक्त बॅच वेगळी. एकीचे दहा शॉट भोकांच्या बाहेरच्या कडांपासून मोजून साडेसहा मिलिमीटरमध्ये बसले, दुसरीचे आठाच्या जवळ गेले. परत उलटसुलट मारून बघितलं तरी तसंच. साचे झिजतात, बदलतात, आणि बॅरलच्या आतली मापंही प्रत्येक रायफलची थोडी वेगळी असतात. छापलेला आकडा तेवढा बारीक नसतो.

टेस्टिंग खांद्यावरून करायचं नाही. खांद्यावरून मारलं की पेलेटबरोबर मुलीचा श्वास आणि सकाळचा नाश्ताही मोजला जातो. रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात, धरायची. व्हाइसचं टेबल सिमेंटच्या फरशीवर, बोल्टने जखडलेलं हवं. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर शेजारून कोणी चाललं तरी नेम सरकतो. व्हाइसच्या जबड्यांना जाड रबर किंवा चामडं लावा आणि पकड अॅक्शनवर, म्हणजे बॅरल जिथे बसते त्या रायफलच्या मधल्या भागावर, ठेवा. बॅरलवर किंवा हवेच्या सिलिंडरवर कधीच नाही. बॅरल मोकळी राहिली पाहिजे, आणि सिलिंडर हवा कमी होत गेली की किंचित आकसतो. ट्रिगर एकाच माणसाने, एकाच दाबाने ओढावा. पंखे बंद.

सिलिंडर प्रत्येक बॅचच्या आधी सारखाच भरा. मॅच रायफलचे सिलिंडर बहुधा २०० बार दाबाचे असतात. भरताना गरम होतात, म्हणून थंड होऊ द्या, मग सुरू करा. भरायची ती कोरडी दाबलेली हवा, ऑक्सिजन कधीही नाही, त्याने स्फोट होऊ शकतो. आणि सिलिंडरवर छापलेली मुदत संपली असेल तर त्या दिवशी टेस्टिंग नाहीच.

बॅरल आधी फेल्टच्या बोळ्याने साफ करा. त्यानंतर लगेच कार्डावर मारू नका. साफ केलेल्या किंवा ब्रँड बदललेल्या बॅरलला पंधराएक पेलेट फुकट द्याव्या लागतात, त्यानंतर ती बसते. हे शॉट मोजायचे नाहीत.

आता शॉटची संख्या. इथे मी सगळ्यात हट्टी आहे, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. रायफलबरोबर पाच शॉटचं सुंदर टेस्ट कार्ड येतं, तेव्हापासून सगळ्यांना पाच शॉटची सवय लागते. पाच शॉटचा ग्रुप नशिबावर फार हलतो. एकाच डबीतून लागोपाठ दोन ग्रुप मारले तर दुसरा सहज दीडपट मोठा येतो, आणि त्यात बॅचचा काही दोष नसतो. शिवाय शॉट वाढले की ग्रुप वाढतोच: त्याच पेलेटचा दहाचा ग्रुप पाचाच्या सरासरी सव्वापट येतो. त्यामुळे कोणी पाचाचं कार्ड आणि कोणी दहाचं कार्ड शेजारी ठेवून निवड केली तर ती निवडच नव्हे.

मी असं करते. सगळ्या बॅचेसचं दहा-दहा शॉटचं एकेक कार्ड मारते आणि जी उघडच पसरते ती बाजूला काढते. उरलेल्या तिघींची चार-चार कार्डं, पण एकीची सगळी लागोपाठ मारत नाही. अ, ब, क, मग क, ब, अ, मग परत पहिल्यापासून. व्हाइस हळूहळू सैल झाला, दुपारी रेंज तापली, बॅरलवर शिसं चढलं, तर त्याचा भार तिघींवर सारखा पडतो. त्याच ओघात मधूनमधून एक जुनी ओळखीची बॅच मारून बघते. तिचा ग्रुप बिघडला तर दोष पेलेटचा नाही, व्हाइस तपासा. आणि ज्या बॅचने बाजी मारली ती दुसऱ्या दिवशी परत मारते. दहा बॅचेस मारल्या की त्यातली एक निव्वळ नशिबाने छान दिसणारच. दुसऱ्या दिवशीही तीच छान दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवा.

मोजताना व्हर्नियरने ग्रुपच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्या आणि त्यातून साडेचार वजा करा. टार्गेटचा कागद एकाच गठ्ठ्यातला हवा, मऊ कागदाचं भोक फाटतं. त्या एका मापात सगळ्यात लांबचे दोनच शॉट बोलतात, बाकीचे आठ गप्प राहतात. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटचं ग्रुपच्या मध्यापासूनचं अंतर लिहून सरासरी काढा, ते जास्त खरं असतं.

ग्रुपचा आकारही वाचायचा. उभा लांबट ग्रुप दिसला तर मी पेलेटआधी वेगाकडे बघते. मॅच रायफलची पेलेट सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास जाते आणि दहा मीटरवर पोचेपर्यंत साधारण १६ मिलिमीटर खाली येते. वेग तीन मीटरने कमी-जास्त झाला की ती अर्धा मिलिमीटर खाली-वर पडते, म्हणजे दोन दशांश गेले. वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावून बघा. सगळ्याच बॅचेसमध्ये वेग हलत असेल तर हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर तपासायला द्या, नव्या डब्या आणून उपयोग नाही. आडवा पसरलेला ग्रुप बहुतेक वेळा व्हाइसची पकड सांगतो.

पेलेट वजन करून वेगळ्या करणारेही आहेत. रायफलची मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमची असते. सोनारासारखा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा इथे कामाचा नाही, त्याची एक पायरीच पेलेटच्या जवळजवळ दोन टक्के आहे. हजारांश दाखवणारा काटा असेल तर करा, पण त्याआधी भिंग घेऊन स्कर्ट, म्हणजे पेलेटचा मागचा पातळ घेर, बघा. पेलेट काचेवर उभी करा, मागचा घेर वर करून भिंगाखाली फिरवा. घेरावर नखाएवढीही दबलेली जागा दिसली तर ती पेलेट सरावात टाका. शिसं फार मऊ असतं. डबी रिक्षात हिंदकळली, मुलाने टेबलावर ओतली, एवढ्यानेही घेर वाकतो. वजनापेक्षा हे बघण्यात जास्त फायदा आहे.

हात धुणं विसरू नका. मुलं पेलेट भरता भरता वडापाव खातात, ते मी चालू देत नाही. शिशाची पूड बोटांवर असते आणि लहान अंगाला ती जास्त बाधते. साबणाने धुवायचं, मग खायचं. घरी टेस्टिंग करणार असाल तर टार्गेटच्या मागे पेलेट अडवणारी पेटी, डोळ्यांवर चष्मा आणि समोर बंद भिंत हवी. खिडकीतल्या कबुतरावर रायफल धरणाऱ्या मुलाचं टेस्टिंग मी करत नाही.

बॅच ठरली की त्याच दिवशी दुकानदाराला फोन करा. पाचशेच्या दहा डब्या म्हणजे पाच हजार पेलेट, आणि रोज शंभर मारणाऱ्या मुलीला त्या पन्नास दिवसच पुरतात. मोसमभराच्या घ्या, नाहीतर महिन्याने तीच बॅच संपलेली असते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मॅचसाठीच्या डब्या वेगळ्या ठेवा, सराव दुसऱ्या चांगल्या बॅचने चालतो. जूनपासून आपल्याकडची हवा शिशाला मानवत नाही, पेलेटवर पांढुरकी पूड धरते. डब्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या महिन्याने बदला. डबी संपली की लेबल काढून वहीत चिकटवा, शेजारी ग्रुपचं माप आणि रायफलचा नंबर लिहा. पुढच्या वेळी दुकानदाराला तेच वाचून दाखवायचं असतं.