छोट्या निधीसाठी अर्ज: आमच्या अभ्यासिकेचा अनुभव

दिवाळी झाली की आमच्या गावातून ट्रक भरून निघतात. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातलं गाव आहे, निम्मं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या हिशेबात एक ‘कोयता’, आणि पोरं राहतात आजीजवळ. त्या पोरांसाठी आम्ही सहा महिने संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. मी संस्थेची कोषाध्यक्ष, एरवी शिवणकाम करते. पन्नास-साठ हजारांचा निधी कसा मागायचा असं आजूबाजूची मंडळं विचारतात, म्हणून हे लिहितेय.

अर्ज लिहायला बसायच्या आधी कपाटातली फाईल काढा. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन कार्ड आणि बँकेचं पासबुक शेजारी-शेजारी ठेवा आणि संस्थेचं नाव अक्षर-अक्षर लावून वाचा. आमच्या प्रमाणपत्रावर नावात ‘बहुउद्देशीय’ होतं, पासबुकात नव्हतं. पहिला मंजूर झालेला चेक त्या एका शब्दापायी दोन महिने पडून राहिला, तोवर ट्रक परत यायची वेळ झाली. पदाधिकारी बदलले असतील तर नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करणारा अर्ज, दाखल करायचा असतो. बहुतेक मंडळं इथंच अडकतात. सह्या करणारा अध्यक्ष पुण्याला गेलेला असतो आणि कागदावर अजून तोच असतो.

कंपनीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात तो पैसा, हवा असेल तर १२ए आणि ८०जी (आयकर खात्याच्या नोंदण्या, संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत देणाऱ्या) आणि त्यावर सीएसआर-१ क्रमांक (असा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) लागतो. हे नसेल तर कंपनीच्या दारात हेलपाटे मारू नका. आधी ग्रामपंचायतीत जा. पंचायतीच्या स्वउत्पन्नातले, म्हणजे घरपट्टीसारख्या स्वतःच्या कमाईतले, दहा टक्के महिला-बालकल्याणाला, पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. रक्कम लहान असते, पण मागणी अंदाजपत्रक तयार व्हायच्या आधी, लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी मागितलेलं ग्रामसेवकाच्या लक्षात राहत नाही.

आता अर्ज. माझी पद्धत उलटी आहे, मी आधी हिशेबाचं पान लिहिते. आमचं असं होतं: तीस मुलं, सहा महिने. शिकवणाऱ्या ताईचं मानधन महिना ४,००० प्रमाणे २४,०००. रोज मुलामागं पाच रुपयांचे शेंगदाणे-गूळ, महिन्याला २४ दिवस, म्हणजे २१,६००. वह्या ४,५००. लाईट गेल्यावर लागणारे दोन चार्जिंगचे दिवे ३,०००. ऑडिट फी ३,५००. एकूण ५६,६००. ऑडिट फी लिहायची लाज वाटू देऊ नका, ती कोणी ना कोणी भरणारच असते. समाजमंदिराची जागा आणि सतरंज्या गावाच्या. तेही खाली ‘स्थानिक सहभाग’ म्हणून लिहा.

शेंगदाण्याच्या आकड्यावर निधी देणाऱ्या एका साहेबांनी लाल पेनानं गोल केला होता. अभ्यासिकेत खाऊ कशाला? मी त्यांना हजेरीवही दाखवली. दाण्यांची पिशवी संपली त्या आठवड्यात तीसऐवजी सतरा मुलं होती. आजीच्या घरी भाकरी रात्री नऊला होते, तोवर पोरगं उपाशीच असतं. गोल खोडला गेला. तेव्हापासून प्रत्येक आकड्यामागं एक ओळ लिहिते, हा खर्च थांबला तर काय होईल याची.

मग बाकीचा अर्ज एका पानात बसतो. ‘वंचित घटकांचा सर्वांगीण विकास’ वगैरे काढून टाका, ते सगळेच लिहितात. कोणती मुलं, कुठं, किती वाजता, कोण शिकवतं, एवढं पुरतं. आणि लाखाची मागणी करून पन्नास मिळतील या हिशेबानं आकडे फुगवू नका. किराणावाला गावातला असतो, साहेबांनी एक फोन केला की दाण्याचा भाव कळतो.

पैसे आल्यावर खरं काम माझं, म्हणजे कोषाध्यक्षाचं. निधीची वही वेगळी ठेवा. मानधन बँक खात्यावर द्या. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख देऊ नका, आणि रोख पावती पाच हजारांवर गेली की एक रुपयाचं रसीदी तिकीट लावून त्यावर सही घ्या. आमचा गूळवाला पावती देत नाही, म्हणून मी घरून व्हाउचर, म्हणजे खर्चाची चिठ्ठी, लिहून नेते, तो वजन बघता बघता सही करतो. व्हाउचर त्याच दिवशी वहीत चिकटवा. मार्चमध्ये बसून बारीकसारीक आठवत नाही, आणि आठवून लिहिलेलं ऑडिटरला लगेच कळतं, शाई एकसारखी असते ना.

निधी ठरल्या कामावर खर्च झाला असं सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रासोबत फोटो मागतात. मुलांचे चेहरे मी देत नाही. पाठमोरी बसलेली पोरं, मध्ये दिवा, असा एकच काढते आणि सोबत हजेरीवहीच्या चार पानांची झेरॉक्स जोडते. मागच्या वर्षी त्या झेरॉक्सवर गुळाचा डाग आला होता. मी तसंच पाठवलं.