लेव्हल-अपचा वेग बिघडलाय? गेम मास्टरांनो, या चुका टाळा

टेबलावरच्या रोल-प्लेइंग गेममध्ये कॅम्पेन (अनेक सेशन्स चालणारी सलग कथा) रंगेनासं झालं की खेळ चालवणारे आपण, म्हणजे गेम मास्टर, कथेला दोष देतो. बऱ्याचदा घोळ लेव्हल वाढण्याच्या वेगात असतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच गेमच्या पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला 300 एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, तिसऱ्याला 900, पाचव्याला 6,500. सुरुवातीच्या लेव्हल्स पटकन उरकाव्यात, अशीच ही रचना आहे. तरीही काही जण पार्टीला (खेळाडूंच्या पात्रांच्या गटाला) पहिल्या लेव्हलवर महिनोन्‌महिने अडकवून ठेवतात. तिथे विझार्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट्स, म्हणजे मार सोसण्याची ताकद, जेमतेम सहा-आठ आणि गॉब्लिनचा एक बाण 8 पर्यंत डॅमेज करतो. अशा वेळी खेळाडू धाडस करत नाहीत, दाराआड लपून बसतात. एक-दोन सेशन्समध्ये त्यांना यातून बाहेर काढा.

याच्या उलट चूक पाचव्या लेव्हलला होते, आणि ती जास्त महागात पडते. इथे फायटरला एका टर्नमध्ये दोन हल्ले मिळतात, विझार्डला फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा मंत्र. आठ फासे, सरासरी 28 डॅमेज. गॉब्लिनचे हिट पॉइंट्स 7, म्हणजे सेव्ह (डॅमेज निम्मं करणारा बचावाचा फासा) जमला तरी तो सहसा वाचत नाही! हा आनंद पुरेपूर घेऊ द्या. ज्या टोळीसमोरून पार्टी एकदा पळाली होती, तीच पुन्हा समोर आणा. शत्रूही लगेच तेवढेच तगडे केले, तर लेव्हल वाढून वाढल्यासारखी वाटतच नाही. आणि पुढच्याच सेशनला सहावी लेव्हल देऊन टाकली, तर फायरबॉल एकदाच फुटलेला असतो. माझी कसोटी साधी आहे: प्रत्येकाने नवी ताकद निदान दोनदा वापरली का? नसेल, तर थांबा.

फक्त मारामारीचे एक्सपी दिले की खेळाडू बोलणी सोडून तलवारी उपसतात. शत्रूला बोलून वळवलं, तरी तेवढेच एक्सपी द्या. माइलस्टोन पद्धत (एक्सपीऐवजी कथेतला टप्पा गाठल्यावर लेव्हल देणं) वापरत असाल, तर पुढचा टप्पा कोणता, ते आधीच सांगा; नाहीतर लेव्हल तुमच्या मर्जीवर मिळते असं वाटू लागतं. गैरहजर खेळाडूला मागे ठेवणं मला अजिबात पटत नाही. पार्टीत लेव्हलची तफावत पडली की चकमकींचा तोल सांभाळणं तुम्हालाच जड जातं.

वेग आधीच हाताबाहेर गेला असेल, तर दिलेली लेव्हल परत घेऊ नका. टेबलावर मोकळेपणाने सांगा की पुढचे काही सेशन्स याच लेव्हलवर राहू. तोवर जादूची वस्तू, पदवी, एखादी गढी, जुन्या शत्रूचं गुपित अशी बक्षिसं देत राहा.