वाम साफ करताना: बुळबुळीत कातडी आणि शेपटीकडचे काटे

वामीला, म्हणजे सापासारख्या लांब ईलवर्गीय माशाला, खवले नसतात, म्हणून ती साफ करणं सोपं वाटतं. खरा वेळ जातो तो अंगावरच्या बुळबुळीत थरात आणि काट्यांत.

घेताना कल्ले उघडून पाहा, लालभडक हवेत. अंगावरचा चिकटा पारदर्शक असावा. तो पिवळट, दुधी आणि वास मारणारा असेल तर मासा सोडून द्या. मात्र मोठ्या वामीचं पोट चिरलेलं दिसलं म्हणून ती शिळी ठरत नाही. तिची भोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, वाळवून निर्यात होते, त्यामुळे अनेकदा ती आधीच काढून घेतलेली असते. डोकं बाजारातच उडवून घ्या. मासा मेला तरी दात बोटात रुततात.

किलोभर माशाला दोन मुठी जाडं मीठ चोळून पाच मिनिटं ठेवा, मग सुरीच्या पाठीने डोक्याकडून शेपटीकडे खरवडा. तरी बुळबुळ राहिली तर कडकडीत, पण उकळी बसलेलं पाणी ओता आणि मासा लगेच थंड पाण्यात टाका. चिकटा पांढरा होऊन साकळतो आणि सहज निघतो. गरम पाण्यात मासा राहिला तर कातडी फाटते. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, रक्ताचा हात डोळ्यांना लावू नका. ईलवर्गीय माशांच्या कच्च्या रक्तात विष असतं. नीट शिजवल्यावर ते जातं.

पोटाची चीर गुदद्वारापाशी थांबवू नका, शेपटीकडे दोन बोटं पुढे न्या. कण्याला लागून रक्ताची काळपट पट्टी असते, ती नखाने खरवडून काढा. राहिली तर कालवणाला उग्र वास येतो.

काटे मात्र उपटून निघत नाहीत. कण्याला न जोडलेले, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे बारीक काटे मांसात रुतलेले असतात, शेपटीकडे जास्त. म्हणून पुढच्या भागाच्या दोन सेंटीमीटर जाड तुकड्या कालवणाला ठेवा. शेपटीकडचा भाग कणा काढून उघडा करा, अर्धा तास फ्रीजरमध्ये घट्ट होऊ द्या. कातडी खाली ठेवून दर दोन मिलिमीटरवर आडव्या चिरा द्या, कातडीपर्यंत, पण कातडी न कापता. जपानात वामीच्याच कुळातल्या ‘हामो’ माशाला तीन सेंटीमीटरमध्ये चोवीसेक चिरा देतात. घरी तेवढं जमत नाही आणि गरजही नाही. सुरी बोथट असेल तर काटा तुटत नाही, नुसता सरकतो. मग मीठ, हळद, तिखट आणि आगळ (कोकमाचा रस) लावून, रव्यात घोळवून मंद आचेवर तळा. आच मोठी ठेवली तर रवा करपतो आणि आतले काटे तसेच टोचतात.