कॉलेजचे आकडे पाहून क्वार्टरबॅकवर भाळू नका: ड्राफ्टच्या वेळी हमखास होणाऱ्या चुका

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात; त्याला ड्राफ्ट म्हणतात. 1998च्या ड्राफ्टआधी अमेरिकेत एकच वाद रंगला होता: पास फेकून आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक म्हणून पेटन मॅनिंग घ्यावा की रायन लीफ? कोल्ट्स संघाने मॅनिंगला पहिलं उचललं आणि चार्जर्स संघाने दुसऱ्या क्रमांकावर लीफला. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाला रोझ बोल या मानाच्या सामन्यापर्यंत नेणारा मुलगा म्हणजे हा लीफ. एनएफएलमधल्या तिसऱ्याच सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने 15 पास फेकले. त्यातला एकच पोहोचला, तोही 4 यार्डांचा. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर 2 टचडाऊन (गोलरेषेपार गुण मिळवून देणारे पास) आणि 15 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) होती.

लीफच्या स्वभावावर तेव्हापासून भरपूर बोललं गेलंय. मला खटकतं ते वेगळंच. संघ आणि आपण चाहते दर एप्रिलमध्ये मुलाचे आकडे बघतो, पण ते आकडे कशाच्या जोरावर उभे राहिले हे बघत नाही.

मोकळ्या गड्याला दिलेला पास म्हणजे अचूकता नव्हे

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. कॉलेजच्या वरच्या स्तरावर 130हून जास्त संघ आहेत, एनएफएलमध्ये फक्त 32. मोठ्या कॉलेजचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, समोरच्या बचावपटूपेक्षा इतका सरस असतो की तो कित्येकदा तीन-चार यार्ड सुटा पळत असतो. एनएफएलमध्ये बचावपटूचा हात त्याच्या पाठीला लागलेला असला तरी त्याला मोकळा म्हणतात.

मैदानही वेगळंच. प्रत्येक चाल मैदानावरच्या आखूड रेघांच्या दोन रांगांमधून, म्हणजे हॅश मार्कच्या मधून सुरू होते. कॉलेजमध्ये या रांगांत 40 फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांचं. कॉलेजमध्ये बॉल एका रांगेवर असला की दुसऱ्या बाजूला तब्बल 100 फूट मैदान पसरलेलं असतं. तेवढं झाकायला बचावफळीला पांगावंच लागतं आणि तिचा बेत आधीच दिसून जातो. एनएफएलमध्ये बॉल जवळजवळ मधोमध असतो, त्यामुळे बचावाला शेवटच्या क्षणापर्यंत आपले पत्ते झाकून ठेवता येतात.

म्हणून हायलाइट बघताना एक करा. बॉल हातातून सुटतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवा आणि रिसीव्हर कुठे आहे ते बघा. तो हात वर करून मोकळा उभा असेल, तर तो पास पुष्कळांना जमेल. तो अजून वळलेलाही नसेल आणि बॉल तो पोहोचणार त्या जागेकडे निघालेला असेल, तर त्या क्वार्टरबॅककडे नीट लक्ष द्या.

कोचचं डोकं मुलाच्या खात्यावर मांडू नका

कॉलेजचे कित्येक संघ रांगेत उभे राहून मान वळवून बाकाकडे बघतात. कोच समोरचा बचाव वाचतो, चाल बदलतो, मुलगा ती खेळतो. एनएफएलमध्ये हेल्मेटमधला कोचचा आवाज चाल सुरू करायच्या घड्याळात 15 सेकंद उरले की बंद होतो. पुढचं सगळं क्वार्टरबॅकने स्वतः करायचं: बचाव ओळखायचा, लाइनमनना (त्याचं रक्षण करणाऱ्या पुढच्या फळीला) सांगायचं, गरज पडली तर चालच बदलायची. हे काम कधी केलेलंच नसेल तर मुलगा कितीही हुशार असो, गांगरणारच.

ह्यूस्टन विद्यापीठाच्या पासांच्या माऱ्यातून आंद्रे वेअर 1989चा हाइझमन, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकून आला. त्याच्यामागून आलेल्या डेव्हिड क्लिंगलरने 1990मध्ये एका सामन्यात 11 टचडाऊन पास टाकले. दोघेही पहिल्या फेरीत निवडले गेले आणि दोघांचाही एनएफएलमध्ये जम बसला नाही. पण अशा पद्धतीतून आलेल्या सगळ्यांनाच नाकारणं, हे उलटं टोकही तितकंच घातक आहे. टेक्सास टेकच्या अशाच मोकळ्याढाकळ्या पद्धतीत घडलेला आणि पुढे अव्वल ठरलेला पॅट्रिक माहोम्स 2017मध्ये दहावा गेला. त्याच्या आधी, दुसऱ्या क्रमांकावर, बेअर्स संघाने कॉलेजमध्ये जेमतेम 13 सामने सुरुवातीपासून खेळलेल्या मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं होतं.

पळून सुटणाऱ्यांचंही तसंच. कॉलेजमध्ये चुकवता येणारा बचावफळीचा लाइनमन आणि एनएफएलमधला सव्वाशे किलोचा, तरीही वाऱ्यासारखा सुटणारा गडी, यांत फार फरक आहे.

विहिरीत ढकलून पोहायला शिकवू नका

पहिली निवड मिळते ती सर्वांत वाईट संघाला. म्हणजे सर्वांत गुणी मुलगा सर्वांत कच्च्या लाइनमागे उभा राहतो. 2002मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स हा कोरा नवा संघ होता. त्यांचा डेव्हिड कार पहिल्याच मोसमात 76 वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकायच्या आधीच पाडला गेला. 2023मध्ये कॅरोलायनाचा ब्राइस यंग 62 वेळा. एवढा मार खाल्ला की नजर रिसीव्हरवरून सुटते आणि अंगावर येणाऱ्यांकडे जाते. ही सवय एकदा लागली की मोडायला वर्षं जातात.

बाकावर बसवणं हा रामबाण आहे असंही नाही. मॅनिंग पहिल्या दिवसापासून खेळला, त्या वर्षी त्याने 28 इंटरसेप्शन दिली आणि कोल्ट्स 13 सामने हरले. पण आक्रमणाची आखणी करणारा टॉम मूर पुढची दहा वर्षं तिथेच होता. अ‍ॅलेक्स स्मिथच्या वाट्याला हे आलं नाही. 2005ची पहिली निवड असलेल्या या मुलाला सॅन फ्रान्सिस्कोत जवळजवळ दरवर्षी नवा आखणीकार आणि नवं प्लेबुक (चालींची वही) मिळालं. त्याच्यावर फुकट गेल्याचा शिक्का बसला. 2011मध्ये जिम हार्बॉ कोच झाला, घडी बसली आणि तोच स्मिथ संघाला सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, उंबरठ्यापर्यंत घेऊन गेला. माहोम्सने कॅन्सस सिटीत पहिलं वर्ष काढलं ते याच स्मिथच्या मागे बसून.

शिक्का मारायची घाई

ही चूक मात्र आपली, चाहत्यांची. बफेलोच्या जॉश अ‍ॅलनचे पहिल्या वर्षी 52.8 टक्के पास पोहोचले, 2020मध्ये 69.2 टक्के. जेट्सनी 2018मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला सॅम डार्नल्ड तीन वर्षांत नकोसा झाला. मग कॅरोलायना, मग सॅन फ्रान्सिस्कोचा बाक. 2024मध्ये मिनेसोटात त्याला चांगला कोच आणि चांगले रिसीव्हर मिळाले, आणि त्याने संघाला 14 सामने जिंकून दिले.