कोयनेच्या कातळावर जीएनएसएस केंद्र बसवताना

कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला, आणि छोटे धक्के आजही बसतात. तिथली जमीन सरकते ती मिलिमीटरांत, आणि जीएनएसएस केंद्र, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांचे संकेत घेऊन आपली जागा मोजणारा अँटेना आणि रिसीव्हर, हेच सरकणं टिपतं. म्हणून सगळ्यात जास्त काळजी अँटेनाखालच्या खांबाची घ्या. रिसीव्हर कधीही बदलता येतो. खांब हलला तर आधीची सगळी मापं वाया जातात.

जागा निवडताना काळी माती टाळाच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाला सोबत हलवते. उघडा बेसॉल्ट शोधा. हातोडा मारल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर तो सुटा धोंडा समजा. आकाश १५ अंशांच्या वर मोकळं हवं, म्हणजे २० मीटरवरचं झाड अँटेनापेक्षा ५ मीटरहून उंच नको. झाड वाढणार, हेही धरा. जवळ पत्र्याचं छप्पर असेल तर परावर्तित लहरींनी मापं बिघडतात.

खांबासाठी २५ मिमीच्या चार स्टेनलेस स्टील सळया घ्या: एक उभी, तीन तिरक्या. भोकं कातळात किमान दीड मीटर खोल घ्या. हवेच्या झोताने भुकटी पूर्ण काढा, मगच इपॉक्सी भरा. ओल्या किंवा धुळकट भोकात इपॉक्सी धरत नाही, त्यामुळे हे काम डिसेंबर ते मे या काळातच उरका. वर सळया एकत्र वेल्ड करा. चोक-रिंग अँटेना (परावर्तित लहरी अडवणाऱ्या गोल कड्यांची) जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, अचूक समपातळीत आणि तिची खूण खऱ्या उत्तरेकडे ठेवून बसवा. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, तेवढी दुरुस्ती करा.

विजेचा हिशोब पावसाळ्याचा करा. ४ वॅटचा रिसीव्हर १२ व्होल्टवर दिवसाला ८ अँपिअर-तास खातो. सूर्य न दिसणारे दहा दिवस धरले तर ८०. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून १६० लागतात. केबल पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, नाहीतर पाणी तिच्यावरून ओघळत थेट आत जातं. सह्याद्रीच्या माथ्यावर वीज पडतेच. अँटेना केबलवर सर्ज अरेस्टर (विजेचा लोट जमिनीत उतरवणारं साधन) लावा आणि सगळं अर्थिंग एकमेकांना जोडा.

नोंद दर ३० सेकंदांनी, चोवीस तास. अँटेना किंवा तिचं आवरण बदललं तर तारीख, क्रमांक आणि उंची त्याच दिवशी लिहा. नाहीतर त्या बदलाने आलेखात आलेली उडी भूकंपाची वाटते. पावसाळ्यात पाण्याच्या भाराने जमीन काही मिलिमीटर दबते आणि नंतर वर येते, त्यामुळे अडीच वर्षांची सलग मापं हाती येईपर्यंत सरकण्याचा वेग काढू नका.