काचेवर सारख्या जाडीची अ‍ॅल्युमिनियम फिल्म कशी काढायची

बेल जार म्हणजे घंटेसारख्या भांड्यातली हवा पंपानं काढायची, आत टंगस्टन तारेच्या वेटोळ्याला, म्हणजे कॉइलला, करंट देऊन तिच्यावरचं अ‍ॅल्युमिनियम उडवायचं, त्याची वाफ वरच्या काचेवर बसते, तीच ही फिल्म. एमएस्सीचे पोट्टे दरवर्षी विचारतात, सर फिल्म मधात जाड अन् कडेला पातळ काहून येते, अन् लगेच करंट वाढवायला पाहतात. ते करंटचं नाही बावा, अंतराचं आहे. टंगस्टन कॉइलमधून वाफ सरळ रेषेत निघते, म्हणून काच कॉइलच्या वर १० सेंटिमीटरवर असली तर मधापासून अडीच सेंटिमीटर बाजूला जाडी जवळपास ९ टक्के कमी भरते, तीच काच २० सेंटिमीटरवर न्या, फरक अडीच टक्क्याच्या आत येतो. पण मग मधातही जाडी चौथाईच राहते, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची तार चौपट लागते, कंजूषी नका करू. काच धरणारा होल्डर फिरता असला तर सोर्स, म्हणजे कॉइल, थोडा बाजूला सरकवा, आणखी सारखी येते.

काच साबण, डिस्टिल्ड पाणी, अ‍ॅसिटोननं धुवून वाळवा अन् हाः करून पाहा. वाफ सगळीकडे सारखी बसून सारखीच उडाली तर काच साफ, ठिपके दिसले तर परत धुवा.

व्हॅक्युम ०.००००१ मिलीबारपर्यंत येऊ द्या, तिथं वाफेचा कण कोणाला न धडकता पाच-सहा मीटर जातो. पावसाळ्यात बेल जार उघडा ठेवूच नका, ओलावा भिंतीला चिकटतो अन् मग पंप तासन् तास चालून राहतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी डिफ्यूजन पंपाला (तापल्या तेलाच्या वाफेनं हवा ओढणारा पंप) थंड करायला देऊ नका, ते चटका बसेल इतकं तापलेलं असतं, तेलाची वाफ वर चढते अन् फिल्म सुटते. सावलीतली टाकी वापरा, पण उंचावरची, म्हणजे लाइन गेली तरी पाणी चालू राहते. लाइन गेली की आधी हाय व्हॅक्युम व्हॉल्व्ह (बेल जार अन् डिफ्यूजन पंपाच्या मधातली झडप) बंद, गरम तेलात हवा जाऊ द्यायची नाही.

आता तार. अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे यू सारखे वाकवून कॉइलवर लटकवा, शटर (कॉइल अन् काचेच्या मधातला सरकता पडदा) बंद ठेवून करंट हळू चढवा. तार वितळून वेटोळ्यावर चकचकीत पसरते, हे खिडकीतून नीट पाहा, गडबड केली तर थेंब खाली पडतात. पसरली की करंट वाढवा, शटर उघडा अन् काही सेकंदात आटपा, कारण अ‍ॅल्युमिनियम हळूहळू बसलं तर उरलेला ऑक्सिजन पकडते, फिल्म काळपट येते.

थंड झाल्यावरच बेल जारमध्ये हवा आत सोडा, मग कोपऱ्यात सेलोटेप लावून ओढा. फिल्म टेपसोबत निघाली तर आधी काच धुण्याकडे पाहा.