‘आधी व्हिजिटवर जा, मग चेंज करू’: परदेशी नोकरीच्या वाटेवरच्या या चुका टाळा

तळोजा एमआयडीसीतला वेल्डर असो, कळव्याची नर्स असो नाहीतर ऐरोलीचा आयटीवाला, परदेशातल्या नोकरीची चौकशी सुरू केली की एजंट हमखास म्हणतो, ‘आधी व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर व्हिसा चेंज करून देतो.’ हे साफ खोटं असतं तर फार कोणी फसलं नसतं. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच इतकी वर्षं खपतंय.

खरा अर्धा भाग दुबईचा. संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिट व्हिसावर जाऊन मुलाखती देण्यात गैर काही नाही. कंपनीने निवडलं, रीतसर वर्क परमिट काढलं, की देशाबाहेर न पडताही व्हिसा बदलता येतो. नोकरी शोधायला तिथे वेगळा व्हिसासुद्धा आहे, ६०, ९० किंवा १२० दिवसांचा. पण तो पदवीधर आणि वरच्या कौशल्याच्या लोकांसाठी. मुंब्र्यात कोणाच्या तरी चुलतभावाचं असं जमलेलं असतंच. मग तोच दाखला सौदी, पोलंड, कॅनडा, सगळीकडे लावला जातो.

एजंट जे सांगत नाही ते असं: परमिट हातात येण्याआधी केलेलं एका दिवसाचं कामही बेकायदा. त्याला ट्रायल म्हणा, ट्रेनिंग म्हणा, फरक पडत नाही. २०२४ मध्ये अमिरातीने कायदा बदलला आणि परमिटशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाचा दंड १ लाख ते १० लाख दिरहमवर नेला. म्हणून मालकाला दंड आणि आपण मोकळे, असं समजू नका. पकडलं गेल्यास परत पाठवणी होऊ शकते. व्हिसाची मुदत उलटली तर दिवसाला ५० दिरहम चढत जातात. आणि पगार थकलाच, तर तक्रार कुठल्या कागदाच्या जोरावर करणार?

अमिरातीबाहेर तर एवढीही सवलत गृहीत धरू नका. सौदीच्या टुरिस्ट ई-व्हिसावर कामाला मनाई आहे. युरोपचा शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस फिरायला देतो, काम करायला नाही. कोविडच्या काळात कॅनडाने व्हिजिटरना तिथूनच वर्क परमिटचा अर्ज करू दिला होता. ती सोय ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाली, तरी तिच्या नावावर अजून पैसे उकळले जातात. अमेरिकेत बी-१/बी-२, म्हणजे बिझनेस किंवा टुरिस्ट व्हिसासाठी ‘फिरायला चाललोय’ असं खोटं सांगितल्याचं सिद्ध झालं, तर तो देश कायमचा बंद होऊ शकतो.

‘आझाद व्हिसा’चा मोह

आखातात जाणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द सर्रास ऐकू येतो. कागदावर कफील, म्हणजे व्हिसा काढून देणारा मालक, एक, काम दुसरीकडे, वर दरवर्षी कफीलला पैसे. असा कुठलाही व्हिसा कायद्यात नाही. व्हिसा ज्याच्या नावाचा त्याच्याकडेच काम, हा साधा नियम आहे. बाहेर काम करताना सापडलात तर तो कफील पहिला हात वर करतो.

भिंतीवरची फ्रेम नीट वाचा

वाशी, बेलापूर, वागळे इस्टेट इथल्या चकचकीत ऑफिसांत भिंतीवर लायसन्स टांगलेलं असतं. बहुतेक जण फ्रेम बघतात, मजकूर वाचत नाहीत. गुमास्ता लायसन्स दुकान चालवायला असतं, ट्रॅव्हल एजन्सीची नोंदणी तिकिटं विकायला. परदेशी नोकरीसाठी माणसं भरायची तर १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, ती परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत मिळते. मंत्रालयाच्याच ई-मायग्रेट पोर्टलवर एजन्सीचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून ती चालू आहे, संपली आहे की निलंबित आहे, हे दोन मिनिटांत कळतं. क्रमांक खरा निघाला तरी थांबू नका. पोर्टलवरच्या फोनवर विचारा, हा माणूस आणि ही भरती तुमचीच का? दुसऱ्याच्या लायसन्सची झेरॉक्स दाखवून धंदा करणारे थोडे नाहीत, आणि सब-एजंट नेमायला कायद्यात मुभा नाही.

फीचंही तेच. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. ‘दोन लाख, अर्धे रोख’ हे ऐकलं की उठा.

पासपोर्टवरचा ईसीआर

दहावी पास असूनही अनेकांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी हवी’ असा शेरा, राहिलेला असतो, कारण अर्ज करताना दहावीचं प्रमाणपत्र जोडलेलं नसतं. ठाणेकरांनी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात पुन्हा अर्ज करून ते आधीच दुरुस्त करून घ्यावं. दहावी नसेल, तर सौदी, कुवेत, कतार, अमिराती, ओमान, मलेशिया धरून १८ देशांत नोकरीला जाण्याआधी उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आपल्यासाठी हे ऑफिस बीकेसीच्या विदेश भवनात आहे. लोकांना ही कटकट वाटते, म्हणून व्हिजिटवर ‘सेटिंग’ने जातात. पण याच मंजुरीमुळे नोकरीचा करार सरकारदरबारी नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा मिळतो: दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख. २७५ रुपयांत दुसरं काय येतं हो?

थायलंडबद्दल एवढंच: बिनव्हिसाचा प्रवेश म्हणजे कामाची परवानगी नव्हे. ‘बँकॉकला डेटा एंट्री’ म्हणून गेलेल्या पोरांना गाडीत घालून सीमेवरच्या माय सॉटमार्गे नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत नेलं गेलं आणि सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

शिकलेल्यांनी हसू नये. बिझनेस व्हिसा मीटिंगसाठी असतो, क्लायंटच्या ऑफिसात बसून कोडिंग करायला नाही. मॅनेजर ‘सगळे असंच जातात’ म्हणाला, तरी इमिग्रेशनच्या काउंटरवर तो शेजारी उभा नसतो. जर्मनीत रीतसर नोकरी शोधायची असेल तर जून २०२४ पासून चान्सनकार्ट हा नोकरी शोधण्यासाठीचा परवाना आहे. ब्रिटनमध्ये परदेशी कामगाराचा व्हिसा स्पॉन्सर करू शकणाऱ्या कंपन्यांची यादी सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहे. मात्र केअर वर्करसाठी परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद आहे. त्या नावाने कोणी आज पैसे मागत असेल तर काय ते समजा.

पैसे देऊन झाले असतील तर

व्हिसाची पीडीएफ आली की आधी प्रकार वाचा. ‘व्हिजिट’ किंवा ‘टुरिस्ट’ लिहिलेलं असेल आणि हातात नोकरीचं ऑफर लेटर असेल, तर विमानात बसू नका. तिकीट बुडालं तर बुडू दे.

एजंट पासपोर्ट अडवत असेल तर पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे हे त्याला लेखी कळवा आणि पोलीस ठाण्यात जा. ऑनलाइन पैसे पाठवले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. व्हॉट्सअॅपचं संभाषण, बँकेचे व्यवहार, ऑफिसचा फोटो, सगळं जपा आणि ई-मायग्रेटवरही तक्रार टाका. रोख दिले असतील तर कोणासमोर दिले ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

माणूस तिकडे पोचलाच असेल, तर त्याने भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. अमिरातीत भारतीयांसाठी ८०० ४६३४२ हा टोल-फ्री क्रमांक चोवीस तास चालू असतो. इकडे घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत घरी असेल तर हे काम सोपं जातं, म्हणून निघण्याआधी दोन्हींच्या प्रती घरी ठेवून जा.